गावच्या घराला कॅमेरे लावायचेत, वायफायवाले घेऊ की वायरवाले? (आई एकटी असते)

बावीस_कलमं

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं घर देवरुखच्या पुढे आत, संगमेश्वर तालुक्यात. जांभ्याचं, कौलारू, पुढे ओटी आणि अंगण, मागे परसू, न्हाणीघर अजून बाहेरच आहे. घराच्या खालच्या अंगाला आंब्याची बावीस कलमं. बाबा गेल्यापासून आई एकटीच असते, वय ७४. डोंबिवलीला आणली की चौथ्या दिवशी पिशवी भरायला घेते. वाडीत चौदा घरं, त्यातली नऊ गणपती आणि शिमगा सोडला तर वर्षभर कुलपात.

गेल्या मे महिन्यात रात्रीतून दोन कलमं साफ केली कोणीतरी. ते सोडून दिलं, आंबे काय, पुढच्या वर्षी परत येतील. पण पंधरा दिवसांपूर्वी मागच्या पडवीतला तांब्याचा बंब गेला, आजीच्या काळातला, आणि आई जागी होती. आवाज येत होता म्हणे, ती अंथरुणात तशीच पडून राहिली आणि मला फोन केला सकाळी सात वाजता. हे ऐकल्यापासून मला झोप नाहीये.

आता मुद्दा. देवरुखातल्या एका दुकानदाराने ४ कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं मशीन), १ टीबी हार्डडिस्क, फिटिंगसकट २२ हजार सांगितले. ऑफिसातला मित्र म्हणतो येड्या कशाला वायरी ओढतोस, ऑनलाईन दोन-दोन हजाराचे वायफाय कॅमेरे घे चार, कार्ड टाक, मोबाईलवर बघ, झालं. फायबरचं नेट गेल्या वर्षी आलंय घरात पण रडतखडत चालतं. पावसात लाईट गेली की कधीकधी दोन दोन दिवस पत्ता नसतो. इन्व्हर्टर आहे, १५० एएचची एक बॅटरी.

अजून एक घरगुती भानगड. माझा धाकटा भाऊ नाशिकला असतो, त्याचं म्हणणं आईच्या खोलीत पण एक लाव, पडलीबिडली तर कळेल. आई म्हणते "मी काय जेलात आहे काय?" दोघांचंही पटतं मला, हाच घोळ आहे.

कोणी कोकणात हे प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा. पुण्यामुंबईच्या फ्लॅटचा अनुभव नको, तो मित्राकडे भरपूर आहे.

---

कौलारू

कुत्रा पाळा. दोन पाळा. चार्जिंग लागत नाही, पासवर्ड लागत नाही.

---

बावीस_कलमं

@कौलारू काका, होता. बिबट्याने नेला २०२२ साली, अंगणातून.

---

वायरमन_रत्नागिरी

दादा मी हेच काम करतो, १६ वर्षं झाली, आधी केबल टीव्हीचं करायचो. तुमच्या दुकानदाराला ओळखत नाही त्यामुळे त्याच्याबद्दल काही बोलत नाही, पण रेट ठीक आहे, लुटतोय असं नाही.

वायफायवाले विसरा. तुमच्या जांभ्याच्या भिंती दीड फूट जाड असणार, राऊटर ओटीवरच्या खोलीत असला तर मागच्या पडवीत सिग्नल येता येता मरतो. आणि वायफाय कॅमेऱ्याला वायर लागत नाही हे अर्धवट खरं आहे, लाईटची वायर लागतेच ना. मग एक ओढायचीच तर दुसरी सोबत ओढा. शिवाय कार्ड कॅमेऱ्यातच असतं, चोराने कॅमेरा उपटला की पुरावा पण गेला सोबत.

माझं मत साधा, केबल टीव्हीसारख्या केबलीवर चालणारा एचडी अ‍ॅनालॉग आणि डीव्हीआर. पुण्याचे लोक आता येऊन सांगतील आयपी घ्या (नेटवर्कवर चालणारे कॅमेरे), पीओई घ्या (नेटवर्कच्या केबलीतूनच वीज पण जाते). चांगलंच असतं ते, मी पण लावतो बंगल्यांना. पण तुमच्या गावात उद्या कॅमेरा बंद पडला तर बघणार कोण? अ‍ॅनालॉगला बीएनसी (चित्राच्या केबलीची पिन) सुटली, डीसी पिन (विजेची) गंजली, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) उडाला, एवढंच होतं, ते वाडीतला कुठलाही वायरमन अर्ध्या तासात करतो. पीओई स्विच उडाला की तुम्ही डोंबिवलीहून रात्रीची गाडी पकडणार.

आता कामाच्या गोष्टी ज्या दुकानदार सांगत नाही कारण त्यात त्याला काही सुटत नाही:

केबल बघून घ्या. कॉपर म्हणून जी विकतात त्यातली बरीचशी अ‍ॅल्युमिनियम असते, वरून तांब्याचा मुलामा. टोक ब्लेडने खरवडा, आतून पांढरं दिसलं की परत करा. तसल्या केबलीत लांबवर व्होल्टेज पडतं, दिवसा कॅमेरा चालतो आणि रात्री आयआर लाईट (अंधारात कॅमेऱ्याला दिसावं म्हणून असलेली, डोळ्यांना न दिसणारी) लागली की बंद चालू बंद चालू. मग लोक कॅमेऱ्याला शिव्या घालतात.

माळ्यावरून केबल नेताना पाईपातूनच न्या. उंदीर. पट्टीतली केबल पण कुरतडतात, वाशावर मोकळी सोडली तर एक पावसाळा काढणार नाही.

कॅमेरा आठ-नऊ फुटांवर लावा, पंधरावर नाही. वर लावला की चोराचा टाळू दिसतो. आणि पुढच्या चुना मारलेल्या भिंतीच्या अगदी कडेने लावू नका, रात्री आयआरचा उजेड भिंतीवर आपटून सगळं चित्र पांढरंफटक होतं आणि अंगण काळं. हे मी स्वतः चुकून शिकलोय, एका गिऱ्हाईकाने अर्ध्या रात्री फोन करून झापला होता.

वीज. हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे मे अखेर आणि परत ऑक्टोबरात परतीच्या पावसात जी गडगड होते ना, माझं निम्मं काम तेव्हा येतं. थेट वीज पडायला लागत नाही, शेजारच्या माडावर पडली तरी लांब केबलीत झटका येतो, आणि ती केबल डीव्हीआरला, डीव्हीआर राऊटरला, राऊटर टीव्हीला. एका फटक्यात चार वस्तू. अर्थिंग चांगलं पाहिजे. कातळात खड्डा नीट होत नाही, मीठ-कोळसा घालून करा आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक कळशी पाणी ओता त्यात, सुकलं की ते अर्थिंग नावालाच. कलमांत खांबावर कॅमेरा लावायचा विचार असेल तर केबलने नको, तो सगळ्या वीजांना आमंत्रण.

---

पेठेतला_पॅकेट

आलो, पुण्याचा माणूस 😀

वायरमनदादांचं केबल आणि अर्थिंगवालं सगळं सोनं आहे, सेव्ह करून ठेवा. अ‍ॅनालॉगबद्दल अर्धं पटलं. एक मधला मार्ग आहे, आजकाल बरेच डीव्हीआर हायब्रिड असतात, चार अ‍ॅनालॉगच्या वर एक-दोन आयपी कॅमेरे घेतात. तसला घेतलात तर पुढे वाढवायला दार उघडं राहतं.

पण मेगापिक्सेलच्या मागे धावण्याआधी थोडं गणित करा, कारण ९० टक्के लोक इथेच फसतात. दुकानात ४ मेगापिक्सेल, २.८ एमएम लेन्स म्हणतात आणि चित्र काय रुंद दिसतं, अख्खं अंगण, शेजाऱ्याची गोठ्याची भिंत, सगळं. पण ४ मेगापिक्सेल म्हणजे आडवे २५६० पिक्सेल. २.८ ची लेन्स साधारण १०० अंश बघते, म्हणजे दहा मीटरवर जवळपास २४ मीटर रुंदी त्या २५६० मध्ये बसवायची, मीटरमागे शंभर-सव्वाशेच्या आत पिक्सेल. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला मीटरमागे २५० पिक्सेल लागतात असं या कॅमेऱ्यांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात धरलंय. म्हणजे २.८ लेन्सने चेहरा कळतो तो चार मीटरपर्यंत, पुढे फक्त "कोणीतरी आलं होतं". तेच ६ एमएम घेतलीत तर कोन ५० च्या आसपास, दहा मीटरवर पण चेहरा मिळतो, पण आजूबाजूचं कापलं जातं. म्हणून ओटीला २.८ आणि बेड्याकडे (अंगणाच्या फाटकाकडे) तोंड करून एक ६ एमएम. सगळे एकसारखे घेऊ नका.

साठवणीचं गणित पण सोपं आहे. एक कॅमेरा २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे ८६ जीबी. १ टीबीत साडेअकरा दिवस. तुम्ही दोन-तीन महिन्यांनी गावी जाता, चोरी लक्षात यायला पंधरा दिवस लागू शकतात, मग २ टीबी घ्या. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) १५ ठेवा, २५ ची गरज नाही, आपण क्रिकेट बघत नाहीये. हार्डडिस्क सर्व्हेलन्सची घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, कॉम्प्युटरमधली जुनी काढून देतो म्हणाला तर नको म्हणा, ती २४ तास लिहायला बनवलेली नसते.

आता माझ्या धंद्याचं. पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रकार झाला होता, कॅमेरे, डीव्हीआर, राऊटर असल्या वस्तूंना कंपनीने दिलेले साठेक ठरलेले नाव-पासवर्ड वापरून लाखो यंत्रं ताब्यात घेतली आणि त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या एका मोठ्या डीएनएस (वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला केला, निम्मं इंटरनेट आडवं. त्यात लोकांच्या घरचे डीव्हीआर होते, मालकांना पत्ता पण नव्हता. तर admin-12345 छाप काही ठेवायचं नाही, राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्या इंटरनेटवरून थेट मशीनपर्यंत वाट उघडणं) करायचं नाही, कंपनीच्या अ‍ॅपने बघा, पुरे.

आणि सगळ्यात मोठं, बसवणाऱ्याने अ‍ॅपमध्ये त्याच्या मोबाईलवर डिव्हाइस अ‍ॅड करून तुम्हाला "शेअर" केलंय का बघा. नव्वद टक्के वेळा तसंच करतात, वाईट हेतूने नाही, लवकर होतं म्हणून. पण मग तुमच्या आईच्या ओटीचा मालक तो. तुमच्या फोनवर, तुमच्या ईमेलने, तुमच्यासमोर अ‍ॅड करायला लावा. (वायरमनदादा रागावू नका.)

खूप स्वस्त मिळतोय म्हणून कुठलातरी जुना माल पण उचलू नका. एप्रिल २०२५ पासून नवीन कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी पास करावी लागते, एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेची, त्यामुळे आधीचा स्टॉक काही जण काढून टाकत होते. बॉक्सवर बघा, विचारून घ्या.

---

वायरमन_रत्नागिरी

रागावत नाही, खरं आहे ते. मी पण करायचो. एका गिऱ्हाईकाच्या मुलीने विचारलं "काका तुम्हाला आमचं घर दिसतं का अजून" तेव्हापासून बंद केलं.

---

कुडाळची_सून

@बावीस_कलमं दादा, तुमचा शेवटचा प्रश्न कोणीच घेतला नाही म्हणून लिहिते, कारण आम्ही त्यातून गेलोय.

माझे सासरे ८१, एकटे, आम्ही ठाण्याला. नवऱ्याने हौसेने त्यांच्या खोलीत फिरणारा कॅमेरा लावला, बोलता पण येतं त्यातून. पहिल्याच दिवशी दुपारी ते झोपले होते आणि नवरा ऑफिसातून त्यातून बोलला "बाबा गोळी घेतलीत का?" ते एवढे दचकले की बीपीच वाढलं. दुसऱ्या दिवसापासून कॅमेऱ्यावर टोपी. गांधी टोपी, कडक इस्त्रीची. आम्हाला तीन महिने मोबाईलवर फक्त काळोख दिसायचा आणि खालून एक पांढरी कड.

मग मी जाऊन बसले त्यांच्याजवळ आणि विचारलं तुम्हाला नक्की काय नको. ते म्हणाले, "तुमका मी दिसतंय, माका तुम्ही दिसनास, ह्या कसला?" बस, तेवढंच होतं.

आता आम्ही काय केलंय, खोलीत काही नाही. कॅमेरे सगळे बाहेर, आणि डीव्हीआरला एक जुना टीव्ही जोडून तो त्यांच्या खाटेसमोर ठेवलाय. बेड्यात कोण आलं, पोस्टमन आला, शेजारणीची म्हैस शिरली, सगळं त्यांना आधी दिसतं आणि ते आम्हाला फोन करून सांगतात. पडण्याची काळजी म्हणाल तर गळ्यात बटणवाली बेल आहे, दाबली की शेजारी वाजते. आणि मागच्या दाराला एक साधा सेन्सर, सकाळी आठपर्यंत दार उघडलं नाही तर मला मेसेज येतो. कॅमेऱ्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झालाय, एकदा खरोखरच ताप भरून पडले होते.

आणि मागच्या कॅमेऱ्यात न्हाणीघराचं दार येऊ देऊ नका. वाटेल तसा कॅमेरा फिरवा नाहीतर सेटिंगमध्ये तेवढा चौकोन काळा करता येतो, तो करा. तुमच्या भावाच्या मोबाईलवर पण तेच चित्र जाणार आहे, भावाची मुलं बघणार, हे आईंना लगेच कळतं, आपल्याला उशिरा कळतं.

---

कौलारू

ताई, टोपीचं वाचून चहा सांडला.

---

काळा_कोट

कायद्याचं दोन ओळीत, कारण कोणीतरी विचारणारच.

स्वतःच्या घराला कॅमेरा लावायला परवानगी लागत नाही. पण त्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीत, मोरीत, विहिरीवर गेलं तर तक्रार होऊ शकते, बाईमाणसाचं खाजगी चित्रण असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि आयटी कायद्याचं ६६ई, दोन्ही लागतात. कोकणात सामायिक अंगण, सामायिक विहीर, सामायिक पायवाट आणि त्यावरून चाललेल्या तीन पिढ्यांच्या केसेस हे सांगायला नको. कॅमेरा लावण्याच्या आधी शेजाऱ्याला दाखवा, तुझं इतकंच दिसतं म्हणून. निम्मी भांडणं तिथे मिटतात.

घराच्या आत लावायचं तर तिथे राहणाऱ्याची संमती हवी. कलकत्ता हायकोर्टाने २०२५ मध्ये दोन भावांच्या वादात हेच सांगितलं, एकाच घरात राहणाऱ्या दुसऱ्या भावाच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेले कॅमेरे चालणार नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानेही तो निकाल बदलला नाही. तेव्हा @बावीस_कलमं, धाकट्या भावाला सांगा की आईसाहेब "जेलात आहे काय" म्हणतात तर कोर्ट त्यांच्या बाजूने आहे.

चोरी झालीच तर व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप फिरवून काही होत नाही. मशीनमधून मूळ फाईल पेनड्राइव्हवर काढा, ताबडतोब, कारण १ टीबी असेल तर अकरा-बारा दिवसांत वरून लिहिलं जातं. कोर्टात चालवायला नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५बी च्या जागी आता तेच. आणि मशीनचं घड्याळ बरोबर आहे ना बघा. लाईट जाऊन जाऊन आतला सेल मेला की तारीख भलतीच दाखवतं, आणि मग समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. मी पण विचारलाय 😐

---

पेठेतला_पॅकेट

घड्याळाचं बरं आठवलं, सेटिंगमध्ये एनटीपी चालू करा, नेट आलं की आपोआप वेळ लावून घेतं.

इन्व्हर्टरचं पण राहिलंच. चार कॅमेरे रात्री आयआरसकट धरा २० वॅट, डीव्हीआर हार्डडिस्कसकट १५, राऊटर आणि फायबरचा डबा १०. पंचेचाळीस वॅट. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅटअवर, पण बॅटरी पूर्ण पिळायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतः पण खातो, म्हणजे हजार-अकराशे हातात. पंखे बंद ठेवले तर बावीस-चोवीस तास. दोन दिवस निघणार नाहीत. पण लक्षात घ्या, तुमच्याकडे लाईट असून नेट जाईलच, कारण फायबरवाल्याच्या टोकाची बॅटरी पण संपते. तेव्हा मोबाईलवर चित्र दिसणार नाही, रेकॉर्डिंग मात्र घरात चालू राहील. म्हणूनच नुसत्या क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठवणीवर) अवलंबून असलेला कॅमेरा गावाला नको.

---

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितोय, आईवडील साताऱ्याला. एकच सल्ला, नोटिफिकेशन बंद ठेवा पहिले आठ दिवस. मी नव्हते ठेवले. इथे दिवस तेव्हा तिथे रात्र, मीटिंगमध्ये फोन थरथरतोय आणि मी सारखा साताऱ्याच्या अंगणात. बायको म्हणाली एकतर तिकडे जाऊन राहा नाहीतर ते अ‍ॅप काढ.

---

बावीस_कलमं

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं, कलमांचं काय करू? केबल नको म्हणालात, मग बावीस झाडांवर लक्ष ठेवायचं कसं? सोलरवाले सिमकार्डचे कॅमेरे बघितले ऑनलाईन, ते कसे?

---

वायरमन_रत्नागिरी

झाडांवर लक्ष ठेवूच नका दादा. झाडं कुठे जात नाहीत. आंबे क्रेटमधून बाहेर कुठल्या वाटेने जाणार तिथे लावा. पाखाडी असेल ना खाली रस्त्याला उतरणारी? गाडी तिथेच उभी करणार ना, डोक्यावरून कोण किती नेणार. त्या पाखाडीच्या तोंडाशी एक, नंबरप्लेट येईल असा.

सोलर सिमवाला पावसात बेकार, आठ आठ दिवस ऊन नसतं, बॅटरी उतरते. पण तुम्हाला तो लागतोच कधी, मार्च ते मे. तेव्हा ऊन आहे की रग्गड. शिमग्याला लावा, पाऊस सुरू व्हायच्या आत काढून पेटीत ठेवा. केबल नाही म्हणजे वीजेची पण भीती नाही. सिम मात्र त्या जागेवर कुठल्या कंपनीची रेंज येते ते मोबाईल घेऊन उभं राहून बघा आणि मग घ्या.

---

बावीस_कलमं

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, झालं एकदाचं. वृत्तांत देतो.

शनिवार-रविवार जोडून गेलो, स्वतः उभं राहून करून घेतलं. हायब्रिड डीव्हीआर, चार अ‍ॅनालॉग कॅमेरे, तीन २.८ चे आणि बेड्याकडे एक ६ चा, २ टीबी. केबल खरवडून बघितली तेव्हा बसवायला आलेल्या पोराने माझ्याकडे असं बघितलं की हा कोण आलाय, पण पहिलं बंडल खरंच पांढरं निघालं, त्याने न बोलता दुसरं आणलं. डीव्हीआर देवघराच्या मागच्या कोठीत, धान्याच्या पिंपामागे, जाळीच्या कपाटात. अर्थिंगचा खड्डा खणायला दोन गडी आणि अख्खा दिवस गेला, खाली कातळच. अ‍ॅपवर मालक मी, भाऊ पाहुणा. सगळं मिळून २९ हजार झाले, त्यात अर्थिंग आलं.

पहिल्या रात्री १३७ अलर्ट आले. मी साडेबारापर्यंत एकेक उघडून बघत होतो, सगळ्यात एकच, लेन्ससमोर एक जाडजूड कोळी जाळं विणतोय आणि आयआरच्या उजेडात ते ट्यूबलाईटसारखं चमकतंय. सकाळी आईने कुंचा फिरवला आणि म्हणाली "एवढे पैसे कोळ्याचे फोटो काढायला?" मग मोशनच्या (कुठल्याही हालचालीच्या) जागी माणूस ओळखण्याचं सेटिंग केलं, आता दिवसाला चार-पाच येतात. कुंचा दर सोमवारी, तो आईने स्वतःहून ठरवलाय.

कुडाळची सून, तुमचा टीव्ही तसाच्या तसा उचलला. बाबांच्या खोलीतला जुना स्वयंपाकघरात आणून लावला. आधी बघायला तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी फोन, "अरे खालच्या वाडीतली ती आली होती, बेड्यात उभी राहून दोन मिनिटं साडी नीट करत होती आणि मग हाक मारली, मी आतूनच म्हटलं ये गं, तर घाबरलीच." एवढी हसत होती. गुडघे दुखतात तिचे, हाक आली की उठून ओटीवर यायला लागायचं, आता आधी बघते आणि उठायचं की नाही ते ठरवते. दोन जणांसाठी उठली नाही असं कबूल केलंय.

खोलीत कॅमेरा नाही. भावाला काळा कोट साहेबांचा प्रतिसाद पाठवला, त्यावर त्याने नुसता अंगठा दाखवला. मागच्या दाराचा सेन्सर पुढच्या फेरीला.

बंब अर्थातच मिळाला नाही. मात्र नारळ कमी होतायत म्हणून आई गेले वर्षभर एका शेजाऱ्यावर संशय घेऊन होती, ते कोण नेतंय ते कळलं. वांदर. सकाळी सहा वाजता, सहा जण, रांगेत. आईने त्या शेजाऱ्याला बोलावून चहा दिला म्हणे, कारण सांगितलं नाही.

@वायरमन_रत्नागिरी दादा एक शंका, काल रात्रीपासून मशीन बीप बीप करतंय, थांबतच नाही. आई म्हणते कोठीत टिटवी शिरल्यासारखं वाटतंय. काय असेल?

---

वायरमन_रत्नागिरी

नेट गेलं असेल. मेनूमध्ये एक्सेप्शन म्हणून आहे, त्यात नेटवर्क तुटल्यावर बझर अशी टिक असते, ती काढा. हार्डडिस्क एररची टिक मात्र राहू द्या, ती वाजली की मला फोन.

---

बावीस_कलमं

काढली आईने, मी फोनवरून सांगत होतो. माऊस पहिल्यांदा हातात घेतला तिने. पण दादा चौथ्या नंबरचं चित्र पण गेलंय आता, काळं दिसतंय. तिने दुसरं काही दाबलं असेल काय?

---

कुडाळची_सून

आधी कॅमेऱ्यावर कोणी पंचा टाकलाय का बघा 😄